जो-हानची टर्बाइन कार पुन्हा येईल का?

प्रश्न : जो-हान या जुन्या अमेरिकी मॉडेल-कंपनीचे १:२५ प्रमाणातील क्रायस्लर टर्बाइन कारचे प्लास्टिकचे जोडणी-किट, ज्यात टर्बाइन इंजिनही जोडता येते, पुन्हा बाजारात येण्याची शक्यता आहे का? न उघडलेल्या जुन्या खोक्यांच्या किमती आता आवाक्याबाहेर गेल्या आहेत.

उत्तर १ : कंपनी बंद पडल्यावर तिचे साचे इतरांच्या हाती गेले, मी तरी फार आशा धरणार नाही.

उत्तर २ : साचा सापडला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. साठच्या दशकात एएमटीसारख्या किट बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षीच्या नव्या मॉडेलसाठी बहुधा त्याच पोलादी साच्यात जाळी, बंपर आणि दिवे बदलून घेत, त्यामुळे आदल्या वर्षीची गाडी त्यातून कायमची पुसली जाई. म्हणूनच एएमटी आणि एमपीसी ही नावे आज ज्यांच्याकडे आहेत, त्या राउंड टू कंपनीने काही गाड्यांसाठी जुन्या किटवरून नवे साचेच घडवले.

प्रश्नकर्ता : नवा साचाही चालेल, फक्त खोक्यावरचे चित्र जुनेच ठेवावे.