मोरी म्हणा, पण गोलकीपरला सोडा

प्रेषक: वेगासवाले दादा
शनिवार, 4 नोव्हेंबर 2023, रात्री

परवा 10-1, आज 10-2. आइस हॉकीच्या लीगमध्ये दोन सामन्यांत वीस गोल खाल्ले की ओ तुमच्या सॅन होजे शार्क्सनं! शार्क कसला, मोरी मासा तो. आणि गोलात उभा केलाय तो गडी म्हणजे न्हाणीची मोरी, येईल ते वाहून जायलंय. पगार कशाचा घेतो? पैसे घालून असलं बघायला जाणाऱ्यांनी आता आमच्याकडं या. लीगचा स्टॅनले कप जूनपासून इथंच आहे.

प्रेषक: अनगोळचा भाऊ, मुक्काम बेळगाव
रविवार, 5 नोव्हेंबर

दादा,

तुमची मेल आली तेव्हा सामना संपून पाच मिनिटं झाली नव्हती. मी दिवाळीला घरी आलोय. फोन तांब्याला टेकवून मागच्या दारी बसलो होतो. समोर अंगणात भाचा किल्ला करायलाय, कोपरापर्यंत हात तांबड्या मातीनं भरलेले. त्यानं विचारलं, ‘मामा, किती झालं?’ मी म्हटलं, दहा-दोन. ‘मग जिंकलो की!’ म्हणून पोरगं उड्या मारायला लागलं. त्याला ‘दहा त्यांचे’ एवढं सांगायला मला फार जड गेलं.

अकरा सामने झाले, एकही जिंकलेला नाही. दहा सरळ हरलो, एक ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत गेला म्हणून हरूनही एक गुण पदरात. लागोपाठ दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाणारा संघ 1965 च्या बॉस्टननंतर या लीगनं पाहिला नव्हता. लॉस एंजेलिसच्या मंडळींनी 2014 ची आठवण काढली. त्यांच्याशी सात सामन्यांच्या मालिकेत पहिले तीन जिंकून पुढचे चार हरलो आणि कप शेवटी त्यांनी नेला, तेही खरं. हसा. मोरी म्हणा. एवढं ऐकून घ्यायची तयारी असल्याशिवाय माणसानं संघ धरू नये.

पण गोलकीपरला जे बोललात ते मला लागलं.

गेल्या मोसमात आमच्या एरिक कार्लसननं गोल आणि गोलाला दिलेले पास धरून 101 गुण केले आणि सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली. ऑगस्टमध्ये त्याला पिट्सबर्गला दिला. काल तोच समोरच्या जर्सीत आला होता. आमचाच टीमो मायर फेब्रुवारीत न्यू जर्सीला गेला, ब्रेंट बर्न्स त्याआधीच्या उन्हाळ्यात कॅरोलायनाला. हे सगळं ठरवून चाललंय. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर यंदा 8 कोटी 35 लाख डॉलरची मर्यादा आहे. मोठे करार मोकळे करायचे, तळाला जायचं आणि नवीन पोरं निवडताना पहिला नंबर पदरात पाडायचा. तळाच्या संघालासुद्धा सोडतीत तो मिळण्याची शक्यता साडेपंचवीस टक्केच. व्यवस्थापनाला यात उद्याचं घर दिसत असेल, आणि कदाचित ते बरोबरही असतील. पण आज काय झालंय? कौलं उतरवून विकली, आणि मृगाच्या पावसात घर गळायला लागल्यावर खाली बादली घेऊन बसलेल्या माणसाला आपण शिव्या देतोय.

मी शाळेत असताना कॅम्पातल्या मैदानावर हॉकीत गोलकीपर होतो. पॅड शाळेचे, माझ्या आधी पाचसहा पोरांनी वापरलेले, आतला कापूस गोळा झालेला. पावसाळ्यात ते वाळायचेच नाहीत. पट्टे आवळताना ओल्या चामड्याचा वास हाताला लागायचा तो रात्री जेवतानाही जायचा नाही. एका सामन्यात सात गोल झाले. आमचे दोन्ही फुलबॅक मध्यावर उभे होते, धावून धावून कमरेवर हात ठेवलेले. पाचव्या गोलानंतर मला चेंडू दिसायचाच बंद झाला, फक्त आवाज यायचा. परत येताना बसस्टॉपवर आमच्याच वर्गातली पोरं ‘चाळणी, चाळणी’ म्हणून ओरडत होती. पुढं दोन वर्षं तेच माझं नाव होतं. एकाही फुलबॅकला कुणी नाव ठेवलं नाही.

माझे मामा रेजिमेंटमध्ये होते. त्या रात्री त्यांनी मला शंकर लक्ष्मण यांची गोष्ट सांगितली. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस, भारताचा गोलकीपर. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून 0-1 हरलो. 1928 पासून चालत आलेलं सुवर्ण त्या एका गोलानं गेलं आणि तो एक गोल आयुष्यभर त्यांच्या नावापुढं राहिला असता. चार वर्षांनी टोकियोत पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान, गोलात पुन्हा तेच. त्या संघात आपले बेळगावचे बंडू पाटीलही होते. 1-0 जिंकलो. मामा म्हणाले, रोमनंतर त्यांना घरी बसवलं असतं तर टोकियोत कोण उभा राहिला असता? मी दुसऱ्या दिवशी पॅड बांधून मैदानावर गेलो.

आता मुख्य सांगतो. 23 एप्रिल 2019 ची रात्र तुम्ही विसरला नसाल. आपल्या मालिकेचा सातवा, निर्णायक सामना, तुम्ही 3-0 पुढं. आमचा पावेल्स्की बर्फावर पडला, डोक्यातून रक्त आलं, पंचांनी तुमच्या खेळाडूला पाच मिनिटांची शिक्षा दिली. तुमचा एक गडी कमी असतानाच्या त्या एका पॉवर प्लेमध्ये आम्ही चार गोल केले आणि ओव्हरटाइममध्ये 5-4 नं जिंकलो. ती शिक्षा जास्त कडक होती असं मला तेव्हाही वाटलं होतं. तरी त्याच रात्री याच मेलिंग लिस्टवर मी तुमच्या गोलकीपरबद्दल, फ्लरीबद्दल लिहिलं, ‘वेगासची चाळणी’. ज्या शब्दानं मी दोन वर्षं रडलो, तोच शब्द. चार माणसांना पाच अडवायला लावले होते त्या वेळी, आणि मी मागं उभ्या असलेल्या एकट्याला धरलं. दादा, त्याबद्दल मी आज तुमची माफी मागतो. साडेचार वर्षं उशीर झाला.

प्रेषक: फ्रीमाँटच्या काकू
रविवार, 5 नोव्हेंबर

भाऊ, माफी मागितलीस ते बरं केलंस. पण एक गोष्ट मला पटली नाही. ‘व्यवस्थापन बरोबरही असेल’ असं तू पटकन म्हणून गेलास. मी काल लेकीला घेऊन सामन्यालाच होते. पार्किंग आणि खाणं धरून एका संध्याकाळचे किती डॉलर जातात ते विचारू नकोस. हरायचं ठरवूनच बसलाय तर दार उघडताना पूर्ण पैसे का घेता? हसायचं तर त्यांच्यावर हसा, मीही येते.

लेक बेळगावला आजोळी असताना रिंकवर चाकांचं स्केटिंग शिकली, आता बर्फावर जाते. खेळाडू त्या मोठ्या नकली शार्कच्या जबड्यातून बाहेर येतात तेव्हा ती अजून माझा हात घट्ट धरते. सातव्या गोलाला आमच्या रांगेतले उठून गेले. मी म्हटलं, चल आपणही. ती म्हणाली, ‘आई, तो गोलकीपर जाऊ शकतो का?’ मग आम्ही शेवटपर्यंत बसलो.

प्रेषक: वेगासवाले दादा
सोमवार, 6 नोव्हेंबर

भाऊ, काकू,

दोन्ही मेल दोनदा वाचल्या. त्या 2019 च्या रात्री माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. फ्लरीच्या नावाचा शर्ट घालून सोफ्यावर उशीत तोंड खुपसून रडत होता. भाऊ, तुझी तेव्हाची मेल मीच त्याला वाचून दाखवली होती, बघ कसे बोलतात म्हणून. म्हणजे त्याच्या दुःखावर मीठ तू नाही, मीच चोळलं. आणि परवा रात्री तो तेरा वर्षांचा घोडा माझ्या खांद्यावरून वाकून ‘बाबा, मोरी लिहा, मोरी लिहा’ म्हणत होता. हे मी शिकवलंय त्याला.

गोलकीपरबद्दलचं वाक्य मी मागं घेतो. मुलाला तुझी मेल दिलीय, मराठी अडखळत वाचतो, पण बसस्टॉपपर्यंत त्यानं स्वतः वाचलं. मग गप्प झाला. तोही शाळेत फुटबॉलच्या गोलात उभा राहतो, तुला ठाऊक नसेल.

संघाला मात्र मी सोडणार नाही. मोरीच.

प्रेषक: अनगोळचा भाऊ
बुधवार, 8 नोव्हेंबर

2-1! फिलाडेल्फियाला हरवलं. बाराव्या सामन्यात पहिला विजय.

आईनं साखर ठेवली देवापुढं, तिला पक, म्हणजे खेळायची चकती, कुठली आणि गोल कुठला ठाऊक नसताना. शेवटच्या मिनिटाला फिलाडेल्फियानं आपला गोलकीपर काढून सहावा गडी पुढं आणलेला असणार असं मी भाच्याला समजावत होतो. त्यानं मध्येच विचारलं, ‘मग त्यांच्या गोलात कोणच नाही?’ नाही म्हटल्यावर त्याला ते अजिबात आवडलं नाही. किल्ल्याच्या दरवाजात त्यानं एक मावळा उभा केलाय, मातीचा, ढालवाला. अळीव पेरलंय, वसुबारसेपर्यंत बुरुज हिरवा होईल म्हणतो.

काकू, पैशाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. परत आल्यावर आपण दोघं मिळून संघाच्या कचेरीला पत्र लिहू.

दादा, तुमच्या पोराला सांगा, मी येताना कॅम्पातून त्याला गोलकीपरचे हातमोजे आणतोय. आणि कुंदा, एक किलो.