गॅरेजच्या दाराची स्प्रिंग घरी ताणता येते का? (बाबा ऐकत नाहीयेत, जरा घाई आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. दोन गाड्यांचं गॅरेज, दार १६ बाय ७ फुटांचं. गेला आठवडाभर दार फूटभर वर जातं, ओपनर (दार उचलणारी मोटर) घुर्र करतो आणि थांबतो, दिवा लुकलुकतो, दोन-तीनदा बटण दाबलं की कसंबसं जातं वर. काल दार बंद असताना लाल दोरी ओढून ओपनर सोडवला आणि हाताने उचलून बघितलं तर बापरे, साखरेचं पोतं! कमरेपर्यंत नेलं, हात जरा सैल केला आणि धाडकन खाली, पाय थोडक्यात वाचला.

दाराच्या वर आडव्या दांड्यावर दोन स्प्रिंगा आहेत. तुटली की वेटोळ्यांमधे फट दिसते म्हणे, तशी काही दिसत नाही. म्हणजे ढिल्या पडल्या असणार.

आता खरी गोची. बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. सांगलीत आमचं किराणा दुकान होतं, शटर जड झालं की ते स्टुलावर चढून पाइप पान्याने फिरवून स्वतःच ताण द्यायचे, त्यामुळे 'त्यात काय एवढं, डॉलर वर आलेत का' हे सकाळ-संध्याकाळ चालू आहे. आज मी खाली आलो तर हे शिडीवर, स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून बघतायत बसतो का! कोणी घरी केलंय का हे? करावं का?

जुना_मेकॅनिक: आधी काकांना शिडीवरून उतरवा, मग पुढचं वाचा.

शटरची स्प्रिंग ड्रमच्या आत असते, तुमची उघडी आहे. दाराचं दीडशे पौंडांच्या आसपासचं वजन या दोन स्प्रिंगा पेलतात आणि दार बंद असताना त्यांच्यात सगळ्यात जास्त ताण असतो. ७ फुटी दाराला साधारण साडेसात वेढे भरलेले असतात, टोकाच्या कोनला (स्प्रिंगच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, त्यात सळई घालून पिळतात) चार भोकं, म्हणजे पाव-पाव करत तीस वेळा पिळलंय ते कोणीतरी. तो कोन दांड्याला आवळून धरणारे सेट स्क्रू सैल केलात की तो सगळा पीळ हातातल्या सळईवर येतो. त्याला अर्धा इंच जाड, १८ इंच लांब, भोकात गच्च बसणाऱ्या सळयाच लागतात, त्याही दोन, कारण एक धरून ठेवायची आणि दुसरी घालायची. स्क्रू ड्रायव्हर त्यात सैल बसतो, सटकला की मनगट, दात, समोर येईल ते जातं. आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात जिथे केबल अडकवलेली असते ते बोल्ट, त्यांना तर बोटही लावू नका.

बे_एरियातला_बाळ्या: एवढं काही नसतं हो, मी केलंय. दार पूर्ण उघडायचं, खाली शिडी टेकवायची म्हणजे पडत नाही, आणि हुक पुढच्या भोकात. दहा मिनिटं.

जुना_मेकॅनिक: बाळ्याभाऊ, तुमच्या स्प्रिंगा बाजूच्या ट्रॅकला समांतर, लांबट असणार. त्या दार उघडल्यावर सैल पडतात म्हणून तुमचं जमलं. यांच्या दांड्यावरच्या आहेत, त्यांचं काम दार बंद करून, ट्रॅकला व्हाइस ग्रिप (घट्ट अडकून बसणारी पक्कड) लावून होतं. इथे दार उघडं ठेवून सेट स्क्रूला हात लावायचा नाही, कृपया लोकांना घोटाळ्यात पाडू नका.

प्रश्नकर्त्याला दोन प्रश्न. स्प्रिंगवर रंगाची रेघ आहे का? बसवताना ती सरळ असते, पीळ भरला की गोल गोल फिरते. हात न लावता खालूनच पट्टे मोजा. आणि हिवाळ्याआधी दाराला आतून काही चिकटवलंत का?

प्रश्नकर्ता: पांढरी रेघ आहे. दोन्हीवर साडेसात पट्टे, बाबांनी चष्मा लावून परत मोजले. आणि हो... ऑक्टोबरात आतून फोमच्या शीट लावल्या होत्या. खोकी उचलताना एवढं वजन वाटलं नव्हतं हो.

जुना_मेकॅनिक: मग स्प्रिंग ढिली नाहीच, दार जड झालंय! नुसता ताण वाढवला तर वर गेलेलं दार खाली यायला मागत नाही आणि स्प्रिंग लवकर मरते, ती दाराच्या वजनाला मापून बसवलेली असते. शीट काढा, मग दोघांनी मिळून उचलून बघा, अर्ध्यावर आपोआप थांबायला हवं. तोवर ओपनर चालवू नका, आतला प्लास्टिकचा गिअर झिजतो.

प्रश्नकर्ता: काढल्या. आता कमरेपाशी थांबतं, पण मिनिटभराने हळूहळू खाली सरकतं.

जुना_मेकॅनिक: घर केव्हाचं?

प्रश्नकर्ता: २०१२. स्प्रिंगा मूळच्याच असणार.

जुना_मेकॅनिक: साध्या स्प्रिंगा १०,००० वेळा उघडझाप धरून बनवतात. दिवसाला चारदा धरलं तर सातेक वर्षांत संपल्या. दोन्ही एकदमच बदलून घ्या. शीट परत लावायच्या असतील तर आधी लावा, टेक्निशियन दाराचं वजन करून त्या मापाच्या स्प्रिंगा देईल.

प्रश्नकर्ता: गुरुवारी सकाळी येतोय तो. बाबांनी शीट परत चिकटवायला घेतल्यात, आणि त्या दिवशी खुर्ची टाकून समोरच बसणार म्हणतायत, 'बघू तरी हा काय वेगळं करतो ते'. धन्यवाद मेकॅनिकसाहेब, निकाल कळवतो.