कालव्याचं पाणी कायद्याने नक्की कोणाला मिळतं? (पाणी वापर संस्थेच्या हद्दीतला गट, ऊस करायचा आहे)

बांधावरचा_प्रश्न:
नमस्कार मंडळी. १ हेक्टरचा गट खरेदी केलाय, फेरफार मंजूर होऊन सातबारा नावावर आला आहे. मायनरची (कालव्याच्या लहान फाट्याची) चारी गटातूनच जाते, पण वरच्या अंगाचे साधारण ३० आर चारीपेक्षा उंच आहेत. पाणी वापर संस्था (कालव्याचं पाणी वाटणारी शेतकऱ्यांची संस्था) चालू आहे. संस्थेतून सांगतात की तुम्ही सभासद नाही आणि जुन्या मालकाची पाणीपट्टी थकली आहे, त्यामुळे पाणी नाही. जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात नमुना ७ (पाणी मागणीचा अर्ज) भरायला गेलो तर अर्ज घेत नाहीत. पूर्ण हेक्टरभर ऊस करायचा आहे. कायदा काय म्हणतो?

टेलचा_माणूस:
दादा, शाखेत अर्ज घेतला नाही ते बरोबरच आहे. नमुना ७ संस्था नसलेल्या भागासाठी. तिथे शेतकरी थेट विभागाकडे मागणी करतो आणि मंजुरी येईल तेवढ्याच क्षेत्राला पाणी मिळतं. जाहीर प्रगटनात सहसा २० आरच्या पटीत मागणी आणि थकबाकी नसणे या अटी असतात. एकदा २००५ च्या 'सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' कायद्याखाली संस्थेकडे कारभार गेला की विभाग फक्त संस्थेला, तेही घनमापनाने मोजून पाणी देतो. पुढचं वाटप संस्थेचं. त्यामुळे मागणी अर्ज संस्थेच्या सचिवाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

"सभासद नाही" हे उत्तर मात्र चालत नाही. संस्थेच्या कार्यक्षेत्रातला प्रत्येक भूधारक आणि भोगवटादार त्या कायद्याने आपोआप सभासद होतो. सहकारी सोसायटीसारखा भाग घेऊन आत येण्याचा हा प्रकार नाही. नवा सातबारा आणि फेरफाराची प्रत जोडून सभासद यादीत नाव बदलून घ्या.

थकबाकीचं दुखणं खरं आहे. पाणीपट्टी जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होऊ शकते. खरेदीखताआधीच संस्था आणि शाखा, दोन्हीकडून बेबाकी (थकबाकी नसल्याचा) दाखला घ्यायला हवा होता. आता गटनिहाय खातेउतारा मागा. बऱ्याचदा त्यात जुन्या मालकाच्या दुसऱ्या गटाची बाकीही मिसळलेली असते. फक्त या गटाची रक्कम वेगळी काढून घ्या आणि ती कोणी भरायची ते विकणाऱ्याशी लेखी ठरवा.

नकाशा_आधी:
एक मुद्दा राहिला. हक्क गटाला असतो, पण गटाच्या *लाभक्षेत्रातल्या* भागापुरताच. लाभक्षेत्र उतारावर ठरतं, सातबाऱ्याच्या हद्दीवर नाही. तुमचे वरचे ३० आर प्रवाही (उताराने आपोआप पोचणाऱ्या) पाण्यात येत नसतील तर संस्थेच्या नोंदीत ७० आरच असणार आणि कोटा तेवढ्यावरच निघणार. लाभक्षेत्राच्या नकाशावर आपला गट आणि विमोचकाचा (चारीला पाणी सोडणाऱ्या दाराचा) क्रमांक बघा, मगच भांडा. चारीत मोटर टाकून वर पाणी चढवणं परवानगीशिवाय अनधिकृत ठरतं आणि दंडाने आकारणी होते.

धरण कमी भरलं तर काय, हेही लक्षात ठेवा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात, कलम १२(६) मध्ये, टंचाईत प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान १ एकर भिजेल एवढा कोटा द्यावा असं आहे. 'शक्यतो' हा शब्द आहे, तरी टेलच्या (चारीच्या शेवटच्या टोकाच्या) लहान शेतकऱ्याला बोट ठेवून दाखवायला हे कलम फार मोलाचं आहे.

त्याच कायद्यातलं १२(११) फारसं कोणी सांगत नाही. दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्याला शेतीच्या पाण्याचा हक्क मिळवायला नेहमीच्या दराच्या दीडपट पाणीपट्टी लागते. कायदा लागू झाला तेव्हाच दोनपेक्षा जास्त असतील आणि पुढे वाढली नसतील, तर सूट आहे. पाण्याचा आणि घरातल्या मुलांचा संबंध जोडणं मला तरी पटत नाही, पण तरतूद आहे.

ठिबक_गणित:
उसाबद्दल. प्राधिकरणाच्या त्याच कायद्यातल्या कलम १४(४) नुसार प्राधिकरण ज्या भागात आणि ज्या तारखेपासून अधिसूचित करेल, तिथे बारमाही पिकाला कालव्याचं पाणी ठिबक, तुषार किंवा तशी मान्य पद्धत वापरल्याशिवाय देता येत नाही. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचा निर्णयही घेतला. तुमचा प्रकल्प त्यात आहे का, ते आधी उपविभागात विचारा.

आणि ठिबक म्हणजे नुसत्या नळ्या नव्हेत. कालवा आवर्तनाने, म्हणजे ठरावीक दिवसांच्या पाळीने येतो, ठिबकला पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिमी धरले तर एकरी सुमारे २४,००० लिटर. दोन आवर्तनांत २५ दिवसांचं अंतर पडलं तर एकरी ६ लाख लिटर साठा हवा. २० × २० × ३ मीटरचं, १:१ उताराचं शेततळं काठोकाठ ८.७६ लाख लिटर धरतं, वरचा अर्धा मीटर मोकळा सोडला की ६.८६ लाखच उरतात. त्यात बाष्पीभवन वजा करा, म्हणजे एक एकराला हे तळं जेमतेम पुरतं. अस्तर नसेल तर तेही नाही. कालव्याच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ दोन्ही येतं, म्हणून वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे डिस्क फिल्टर लागतोच. नुसत्या जाळीवर भागवलं तर ड्रिपर बुजतात. हेक्टरभर उसाचा विचार सोडा, एका एकरापासून सुरू करा.

बांधावरचा_प्रश्न:
आभार, खूप कळलं. संस्थेने लेखी अर्जालाही उत्तर दिलं नाही तर? आणि अर्ज कधी द्यायचा?

टेलचा_माणूस:
रब्बी १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्या सुमारास धरणातला साठा बघून सिंचनाचा कार्यक्रम ठरतो, त्यामुळे अर्ज त्याआधी पोचलेला हवा. उन्हाळी हंगाम १ मार्च ते ३० जून. उत्तर नाही आलं तर पोच जोडून आधी कालवा अधिकाऱ्याकडे, मग प्राधिकरणाच्या कायद्याखालच्या प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. त्यावर अपील प्राधिकरणाकडे.

सभासद झालात की मायनरच्या तोंडावरच्या फ्ल्यूमची (पाणी मोजायच्या अरुंद नाल्याची) पट्टी स्वतः वाचत जा. फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला गाळ किंवा गवत साचलं की पाणी मागे तुंबतं, पट्टीवर उंची जास्त दिसते आणि न मिळालेलं पाणी संस्थेच्या कोट्यातून वजा होतं. आवर्तनाआधी फ्ल्यूमखालची चारी साफ करून घ्या आणि मोजणीच्या वहीवर संस्था व विभाग दोघांच्याही सह्या रोजच्या रोज आहेत का ते बघा.