धर्माची खूण अंगावर का वागवायची?

सुरंगी (गुहागर तालुका):

नमस्कार. गेल्या आठवड्यात दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत उभी होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि ती अजून मनातून जात नाही. माझ्या एका बाजूला काळा बुरखा घातलेल्या दोन तरुण मुली होत्या, कठड्यापाशी गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी गोपीचंदन लावलेले एक वृद्ध गृहस्थ होते, आणि जरा पलीकडे, गाडीतून उतरून वाऱ्याला उभ्या राहिलेल्या, गळ्यात क्रूस असलेल्या दोन सिस्टर होत्या. कोणी कोणाशी बोलले नव्हते. तरीही होडी निम्म्या खाडीत पोहोचायच्या आत प्रत्येकाची श्रद्धा कोणती आणि बहुधा प्रत्येकाच्या घरी आज काय शिजणार नाही, हेसुद्धा मला ठाऊक झाले होते.

श्रद्धा ही मनातली गोष्ट आहे असे आपण सगळेच म्हणतो. मग जवळजवळ प्रत्येक पंथाला वेगळ्या वस्त्राची गरज का भासली असावी? जैनांच्या दोन मोठ्या पंथांची तर नावेच वस्त्रावरून पडली आहेत, एक श्वेतांबर आणि दुसरा दिगंबर. शिखांमध्ये १६९९ साली खालसा पंथाची स्थापना झाली तीच केस, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण या अंगावरच्या पाच खुणांसह.

विचारण्याचे घरगुती कारणही सांगते. माझ्या भाच्याने यंदा आषाढीला माळ घातली. रोज मासळी शिजणारे घर आहे. माझ्या भावाचे म्हणणे असे की मासे सोडायचे तर खुशाल सोड, पण त्यासाठी गळ्यात माळ कशाला मिरवायची? मला त्याला उत्तर देता आले नाही.

पडवी (मालवण तालुका):

सुरंगीताई, माझे वडील चाळीस वर्षे माळकरी होते, त्यामुळे आपल्या भावाचा प्रश्न आमच्या घरी अनेकदा विचारला गेला आहे.

माळ ही अंगावर असली तरी तिचे निम्मे काम समोरच्या माणसाच्या मनात चालते, असे मी वडिलांकडे पाहून शिकले. शिमग्यात पालखी घरी येऊन गेल्यावर त्यांचे जुने सोबती अंगणात बसत, पेले भरले जात, आणि बाटली त्यांच्यापाशी आली की भरणाऱ्याची नजर गळ्याकडे जाऊन हात आपोआप पुढच्या माणसाकडे वळे. कोणी आग्रह करत नसे, कोणी चिडवत नसे, आणि त्यांनाही नकार द्यावा लागत नसे. मनातल्या मनात घेतलेले व्रत त्यांना एकट्यालाच सांभाळावे लागले असते. माळ दिसत होती म्हणून ते सांभाळायला अख्खी वाडी हातभार लावत होती. गौरीच्या तिखट्या, म्हणजे मांसाहाराच्या, सणाला आई त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर काळ्या वाटाण्यांचे सांबारे करी, आणि शेजारच्या घरांतूनही त्यांच्यापुरते पान न सांगता वेगळे वाढले जाई.

एकदा मळ्यात काम करताना माळेचा दोरा तुटला. चिखलात मणी पांगले होते. ते मणी वेचून, धुऊन, पदरात घेऊन मी संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात पुन्हा ओवत बसले आणि ती गळ्यात पडेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. एकशे आठ मण्यांतले दोन सापडले नव्हते. ते दुसऱ्या दिवशी चिखलात हात घालून त्यांनी स्वतः शोधले. जे मिरवण्यासाठी असते, त्यासाठी माणूस दोन मण्यांपायी चिखल चाळत बसत नाही, असे मला वाटते.

माजघर (राजापूर):

पडवी यांचे निरीक्षण मला पटते, तरी त्याला एक जोड द्यावीशी वाटते. काही वस्त्रे माणसाची ओळख सांगण्यासाठी नसून वेळेची ओळख सांगण्यासाठी असतात. आमच्या आजीचे सोवळ्यातले लुगडे माजघरात उंच वलणीवर वाळत असे. ते वाळत घालताना आणि काढताना ती काठी वापरे, कारण आंघोळीपूर्वी कोणाचा हात लागला तर ते पुन्हा धुवावे लागे. आम्हा मुलांना मुंजीनंतर धाबळी मिळाली, कारण लोकरीला विटाळ नाही असे समजत. ते वस्त्र अंगावर चढले की आजीचा आवाजसुद्धा बदले. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या बाहेरचे जग तेवढ्या वेळापुरते तिच्यासाठी थांबलेले असे. याच कारणाने पुष्कळ धर्मांत प्रार्थनेचे वस्त्र निराळे ठेवलेले आढळते.

मात्र प्रामाणिकपणे लिहायचे तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आजीचे सोवळे तिला एकाग्र करीत होते, तसेच ते अंगणात उभ्या असलेल्या कामकरी बाईला दूर उभे करीत होते. वस्त्र एकच होते आणि त्याची कामे दोन होती.

मेरेवरून (मंडणगड):

माजघर यांनी शेवटी जे लिहिले, तेथूनच मला सुरुवात करावयाची आहे. आतापर्यंतची चर्चा माणसाने स्वतः स्वीकारलेल्या खुणेविषयी झाली. दुसऱ्याने लादलेली खूणही वस्त्राचीच असते, आणि या दोहोंतला फरक ध्यानात घेतल्याशिवाय ताईंच्या प्रश्नाला पुरे उत्तर मिळणार नाही. युरोपात १२१५ साली ख्रिस्ती धर्मगुरूंच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ज्यू आणि मुसलमान यांनी ख्रिस्ती लोकांहून वेगळा दिसेल असा पोशाख घालावा, असा ठराव केला. हेतू हा की त्यांच्याशी अजाणतेपणी संबंध येऊ नये. आपल्याकडे असा ठराव करण्याचीही गरज पडली नाही. लुगडे कसे नेसावे आणि दागिना कोणत्या धातूचा घालावा हे गावाने ठरवलेले होते, आणि बाई दुरून येताना दिसली की तिची जात कळत असे.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृतीचे दहन झाले त्याच परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि त्यात वस्त्राचा विषय मुद्दाम घेतला. लुगडे नेसण्याची तुमची रीत आणि गळ्यात-हातात भाराभर घातलेले कथलाचे व चांदीचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. बायकांनी तेथेच लुगडी घोट्यापर्यंत नेसून पाहिली, असे माझी पणजी सांगे. चवदार तळ्याचे पाणी पिणे आणि लुगड्याचा घोळ चार बोटे खाली आणणे, या दोन्ही गोष्टी एकाच लढ्यातल्या आहेत असे मी मानतो. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेसाठी लाखो लोक जमले ते शुभ्र वस्त्रांत. एक खूण टाकली आणि दुसरी स्वतः निवडली, या दोन घटनांमध्ये एकोणतीस वर्षांचे अंतर आहे.

आता स्वतः निवडलेल्या खुणेविषयी. बौद्ध भिक्षूंच्या चीवराची, म्हणजे वस्त्राची, विनयपिटक या त्यांच्या नियमग्रंथातील कथा कोकणातल्या माणसाला विशेष जवळची वाटेल. मगधातून जाताना बुद्धांना भातशेती दिसली. मेरांनी, म्हणजे बांधांनी, आखलेली, लहानमोठ्या चौकोनांची ती खाचरे पाहून त्यांनी आनंद या आपल्या शिष्याला विचारले की असे चीवर शिवता येईल का. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. आजही भिक्षूचे चीवर उलगडून पाहिले तर त्यात उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या मेरा आणि त्यांच्यामध्ये खाचरे स्पष्ट दिसतात. आमच्या विहारात आलेल्या भन्तेजींचे चीवर दोरीवर वाळत होते तेव्हा ते मी जवळून पाहिले. श्रावणात घाटावरून खाली पाहावे तसे ते वाटले, फक्त हिरव्याच्या जागी भगव्याकडे झुकणारा तांबूस रंग होता. त्यामागे व्यवहारही आहे. कापड फाडून तुकडे केले की त्याची बाजारातली किंमत जाते, चोराला त्याचा मोह होत नाही आणि नेसणाऱ्यालाही होत नाही. आरंभी तर हे तुकडे स्मशानातून आणि उकिरड्यावरून वेचलेले असत. साली, मुळे, पाने यांच्या रंगात ते बुडवले की सगळे एकसारखे होत. कोणता भिक्षू कोणत्या घरातून आला हे त्या रंगाखाली बुडून जाई. बाहेरच्यांपासून वेगळे दिसणे हा त्या वस्त्राचा एक भाग झाला. आतल्या आत सर्वांनी सारखे होणे हा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

बंदरवाट (दापोली तालुका):

मेरेवरून यांचा शेवटचा मुद्दा वाचून हजची आठवण झाली. इहराम म्हणजे पुरुषांसाठी न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी. माझ्या आब्बांनी त्या नेसल्या तेव्हा त्यांच्या शेजारी कोण कारखानदार आणि कोण खलाशी हे ओळखता येत नव्हते, असे ते परत आल्यावर पुन्हा पुन्हा सांगत. स्त्रियांना तेथे ठरावीक वस्त्र नाही, आणि इहरामच्या अवस्थेत चेहऱ्यावर नकाब घ्यायचा नसतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

फेरीबोटीतल्या मुलींविषयी एवढेच लिहितो. आमच्या घरात आजी साडी नेसे आणि बाहेर पडताना वरून पांढरी चादर घेई, आई पंजाबी ड्रेस व डोक्यावर ओढणी घेते, आणि बहीण मामाने आखातातून पाठवलेला काळा बुरखा घालते. तिघींचा नमाज एकच आहे. तेव्हा एखाद्या वस्त्राकडे पाहून त्या धर्माचे हेच आहे असे ठरवण्याआधी ते कोणत्या वर्षी आणि कोणत्या वाटेने घरात आले, हेही विचारावे. बहिणीला मी विचारले होते. एस.टी.त गर्दीतून जाताना तिला त्यात मोकळे वाटते, असे ती म्हणाली. शेजारच्या घरातील मुलीला मात्र तो घातल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. दोघींचा बुरखा एकाच दुकानातला असू शकतो, पण मला त्या दोन गोष्टी एक वाटत नाहीत.

लाललुगडे (वसई):

आमच्याकडचे उदाहरण उलट दिशेचे आहे. आमच्या सामवेदी ख्रिस्ती समाजातील वयस्क बायका लाल लुगडे नेसतात. बाहेरचे लोक ती ख्रिस्ती बायकांची खूण समजतात. प्रत्यक्षात ती आमच्या शेतकरी पूर्वजांची खूण आहे. पोर्तुगीजांच्या काळात धर्म बदलला, पण लुगडे तेच राहिले. गोव्यात मात्र १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढून ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी घालण्याची मनाई केली. धर्म बदलला तरी कपडा बदलत नाही, याची राज्यकर्त्यांना वाटणारी भीती त्या हुकुमात दिसते.

सिस्टरांविषयी: त्यांचा जुना लांब झगा आणि डोईवरचे वस्त्र मध्ययुगात युरोपातल्या साध्या घरच्या बायकांच्या नेहमीच्या वेषाजवळचेच होते. जग पुढे गेले, त्यांनी वेष बदलला नाही, आणि साधेपणासाठी घेतलेला कपडा शतकानुशतके वेगळेपणाचा होऊन बसला. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने तो साधा, गरिबीला साजेसा आणि स्थळकाळाला धरून असावा असे सांगितले, त्यानंतर आपल्याकडे अनेक संघांतील सिस्टरांनी साडी स्वीकारली. माझ्या मावशीने ती पहिल्यांदा नेसली तेव्हा आपण घरी परत आल्यासारखे वाटले, असे तिने आईला पत्रात लिहिले होते.

खूण दिसलीच पाहिजे असेही नाही. पारशी सदरा आणि कुस्ती, म्हणजे कमरेचा पवित्र दोरा, कपड्यांच्या आत घालतात. इराणहून येऊन गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरताना स्थानिक राजाने त्यांच्या बायकांना येथली वस्त्रे नेसण्याची अट घातली, अशी परंपरागत कथा आहे. त्यांनी वरचे वस्त्र बदलले आणि बहात्तर धाग्यांची कुस्ती कमरेला तशीच ठेवली. आणि अलिबागकडच्या बेने इस्राएली ज्यूंना तर लोकांनी ओळखले ते वारावरून. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनिवार तेली.

सुरंगी (गुहागर तालुका):

सर्वांचे मनापासून आभार. पडवी यांचा मजकूर मी काल रात्री भावाला वाचून दाखवला. माळ तुटल्याच्या प्रसंगापाशी त्याने मला थांबवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. मेरेवरून यांचे म्हणणेही त्याला लागले. त्याने एवढेच विचारले, की पोराने ती कोणाच्या सांगण्यावरून घातली की स्वतःहून? भाच्याने स्वतःहून असे सांगितले.

आज सकाळी बाजारातून बांगडे आले. वहिनीने ते मागच्या पडवीत साफ केले आणि भाच्यासाठी छोट्या टोपात वेगळे कुळथाचे पिठले चढवले. टोप नवा होता. भावानेच येताना आणला होता.