मदत हवी आहे : वारसाने आलेली .405 ची लिव्हर रायफल नावावर करावी का?

मुक्काम वेंगुर्ला. आजोबांच्या पश्चात त्यांची एक रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. बाकी वारसांची ना-हरकत मिळाली, अर्ज माझ्या नावाने करायचा आहे. करावा की नाही, हेच ठरत नाहीये.

रायफल विंचेस्टरची, 1895 मॉडेल. नळीवर '405 डब्ल्यू. सी. एफ.' असा छाप, म्हणजे .405 इंच मापाचं विंचेस्टर सेंटर फायर काडतूस. लिव्हरची (चापाखालचा दांडा ओढून काडतूस भरायची) असूनही नळीखाली काडतुसांची दुसरी लांब नळी नाही, चापाच्या पुढे चौकोनी मॅगझिन आहे. दुकानात हाताळून पाहिली. लिव्हर खाली ओढली की बोल्ट मागे येतो आणि घोडा चढतो. परत मिटताना शेवटच्या बोटभर अंतरात अडखळते, जरा जोर लावावा लागतो. नळीत पांढरा कागद धरून पाहिलं, तर तोंडाकडचे आटे स्वच्छ आणि चेंबरकडे, म्हणजे काडतूस बसतं त्या टोकाला, काळे ठिपके. आमच्या हवेत पितळेची समईसुद्धा पावसाळ्यात हिरवी पडते, त्या मानाने बरीच म्हणायची. दस्त्याला मात्र लोखंड जिथे लाकडात शिरतं त्याच्या मागे केसाएवढा तडा आहे.

अडचण अशी, की काजूच्या बागेसाठी माझ्याकडे एकनळी बारा बोअर छऱ्याची बंदूक आहेच. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, वारसाची धरून. ही घेतली की कोटा संपला, आणि मला रेंजवरच्या सरावाला .22 ची छोट्या मापाची रायफल घ्यायची होती. डुकरं मारायला हवी असं कृपया कोणी समजू नये, तो विषयच नाही.

आजोबांच्या डब्यात मूठभर जुनी काडतुसं निघाली, तीही विक्रेत्याकडेच आहेत. ती चालतील का? गावातले एक जाणते म्हणतात, ".315 घाल, ती पण रायफलचीच." आणि ही उडवायला कशी आहे? कोणी चालवली असेल तर सांगा.

सड्यावरचा :
त्या जाणत्यांना लांबूनच नमस्कार कर. ईशापूर कारखान्याच्या .315 रायफलची गोळी 8 मिमीची, तुझी नळी साडेदहा मिमीच्या आसपास. काडतुसाची बूडही वेगळी, लांबीही वेगळी. प्रयोगाखातरसुद्धा घालू नको.

जुनी काडतुसंही नको. पितळ जुनं झालं की मानेशी चिरतं, केप (बुडातली पेटवणारी टिकली) उशिरा पेटते. चाप ओढल्यावर बार झाला नाही म्हणून लगेच लिव्हर उघडली तर काडतूस तोंडासमोर फुटू शकतं. ती ठेवायची तर परवान्यात नोंद लागेल, नाहीतर विक्रेत्याकडेच राहू दे.

देवगड ते टेक्सास :
मी मूळचा देवगडचा. इथे याच मॉडेलची नवी, जपानमध्ये मिरोकूने बनवलेली .405 मित्राकडे आहे, ती रेंजवर चालवली आहे. कारखाना 300 ग्रेनची गोळी सेकंदाला 2200 फुटांच्या आसपास सोडतो. बारा बोअरच्या साध्या छऱ्याच्या काडतुसाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा झाली. दणका खांद्याला बसतोच, पण दस्ता खाली झुकलेला असल्यामुळे नळी वर उसळते आणि दस्ता गालावर आदळतो. बाकावर टेकून नेम धरला तर दुसऱ्या बारापासूनच डोळे मिटायला लागतात. उभ्याने मारलं तर अंग मागे जातं, सुसह्य होतं. 100 यार्डांवर उघड्या माशीने समाधान होईल. 150 च्या पुढे गोळी आखूड-जाड असल्याने झपाट्याने खाली येते.

याच मॉडेलची .405 अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1909 मध्ये आफ्रिकेला नेली होती. विंचेस्टरने हे काडतूस 1904 मध्ये काढलं. मधल्या काळात बंद पडलं होतं, आता पुन्हा बनतं, पण इथे. भारतात मिळेल का, हाच खरा प्रश्न आहे.

सड्यावरचा :
अगदी तेच. आणि लिव्हर अडखळते ते बंदुकीच्या कारागिराला दाखव, लोहाराला नको. वाळलेलं ग्रीस असेल तर नशीब. हे काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, तेव्हा बोल्ट आणि त्या कडेमधली फट गेजने मोजायला सांग. रिकाम्या रायफलचा घोडा अर्ध्यावर ठेवून चाप हलकेच ओढायला लाव. घोडा पडला, तर रायफल भिंतीवरच शोभेल. तडा आधी बुजवायला हवा, दणक्याने तो दस्त्याच्या हात धरायच्या बारीक भागात आरपार जातो.

धागाकर्ता :
दोघांचे आभार. .315 चा विषय संपला. कारागिराचा लेखी अहवाल आणि काडतूस मिळेल की नाही याचं विक्रेत्याचं पत्र, दोन्ही हातात आल्याशिवाय अर्ज करत नाही. पत्र नाही आलं तर .22 घेतो, ही चुलतभावाने घ्यावी, त्याच्या परवान्यावर एकच आहे. कोल्हापूर-बेळगावकडे परवाना असलेला, लिव्हर रायफल उघडलेला कारागीर कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.