मदत हवी आहे: एटना आणि ताओर्मिना एकाच दिवसात, आई-बाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी! आम्ही मुलुंडकर ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या सिसिली बेटावर निघालोय, मुक्काम कातानियात. आई-बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे कुरकुरतात. त्यामुळे ग्रुप टूर नको, ड्रायव्हरसकट खासगी गाडीच करणार.

सकाळी एटना ज्वालामुखी, दुपारनंतर ताओर्मिना. गाडी एटनावरच्या रिफुजिओ सापिएन्झा या थांब्यापर्यंत, म्हणजे साधारण १९०० मीटरवर जाते; पुढे केबल कार २५०० मीटरपर्यंत. बाबांना वर जायचंच आहे (दादरहून नवे बूटही आणून झालेत!), पण बीपीच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारणारच, तरी तिथे कुणाच्या घरच्या ज्येष्ठांना दम लागला का? की थांब्याजवळच्या सिल्व्हेस्त्री विवरांवरच (ज्वालामुखीची जुनी तोंडं) समाधान मानावं? ती रस्त्यालगतच आहेत म्हणे. लाव्हाच्या सुट्या काळ्या खडीत आईची काठी रुतेल का, हीच मोठी धास्ती.

ताओर्मिना डोंगरउतारावरचं गाव, तेव्हा गाडी नेमकी कुठे सोडते? ग्रीक थिएटरपर्यंत चढ कितपत आहे?

जेवणाची चिंता नाही, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असेल. फक्त ड्रायव्हरशी आठ तास बोलावेत की दहा, तेवढं सांगा.