'इसराफ'ला मराठीत काय म्हणाल?

फोंडेकर: मंडळी मदत हवीय, लग्नातल्या खर्चावरचं एक उर्दू पत्रक मित्रासाठी मराठीत करतोय. त्यात 'इसराफ' आणि 'तब्झीर' शेजारीशेजारी येतात. मी दोन्हीकडे उधळपट्टी लिहून मोकळा झालो तर मित्र म्हणतो चालणार नाही, इसराफ म्हणजे हलाल, धर्माला चालणारी गोष्टच गरजेबाहेर घेणं, तब्झीर म्हणजे नको तिथे पैसा घालवणं.

म्हापशेकार: इसराफला अतिरेक लिहा की. कुराणात आहेच, खा, प्या पण अतिरेक करू नका (७:३१).

वास्कोवाली: अतिरेक?? वाचणाऱ्याला लगेच अतिरेकी आठवणार, तेही मुसलमानांच्या पत्रकात! त्यापेक्षा चंगळ बरं, चंगळवाद म्हणतोच ना आपण.

फोंडेकर: चंगळीत मजा आहे हो. चार पदार्थ पुरतात तिथे चौदा करायचे, निम्मी बिर्याणी पानात टाकून लोक आइस्क्रीमच्या रांगेत, यात कसली मजा? उधळपट्टी मात्र तब्झीरला चपखल बसतेय, मूळ 'बझ्र' म्हणजे बी, बी विखरून टाकावं तसा पैसा उधळणं. १७:२७ मध्ये अशा लोकांना सैतानाचे भाऊ म्हटलंय.

शुद्धमराठी: मुळात एवढे अरबी शब्द हवेत कशाला? त्या हलालनेच आपल्याला हलाखी दिली!

वास्कोवाली: हलाखी हलाक वरून, म्हणजे नाश, हलालचा काडीचा संबंध नाही. आणि अरबी नको तर 'खर्च' पण काढा, बघू पत्रक कसं लिहिता.

म्हापशेकार: 'फाजील खर्च' कसं वाटतं? आमचे आजोबा हिशेबाच्या वहीत लिहायचे.

शुद्धमराठी: फाजील म्हणजे आगाऊ. आमच्याकडे पोरांना म्हणतात.

म्हापशेकार: तुमच्याकडे असेल. वहीत फाजील म्हणजे जास्तीचं, तोच जुना अर्थ.

पेडणेकर: विषय निघालाच आहे तर, आपला माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा विनेगर हलाल की नाही? शेजारच्या भाभींना मासळीचं लोणचं द्यायचंय म्हणून विचारतोय.

वास्कोवाली: सूर आपोआप आंबून पुरती विनेगर झाली की चालतं, नशा उरत नाही ना त्यात. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तर सिरक्याला (विनेगरलाच) उत्तम तोंडीलावणं म्हटलंय. पण बाजारच्या बाटलीत काय मिसळलंय ते बघून घ्या.

पेडणेकर: घरचाच आहे, बार्देशातून येतो.

म्हापशेकार: बार्देशात कुठून? मलापण एक बाटली हवी मरे.

फोंडेकर: अहो इसराफ!